थाळी गेली म्हणजे नेमकं काय गेलं

ती घटना आजही आठवते. विसरावी म्हणून मी पुष्कळ खटपट केली, पण नातवंडं विसरू देत नाहीत.

तेव्हा मद्रासला बायकांचं वेगळं पोलीस दल नव्हतं. बायकांची झडती आणि जबानी घ्यायला आम्हा दोघीचौघींना मदतनीस म्हणून ठाण्यांवर घेतलं होतं. अधिकारी मी पुढे झाले. तिरुवल्लिकेणीच्या ठाण्यात बाई मी एकटीच. तंजावरी मराठी घरातली, तमिळ आणि मराठी दोन्ही येणारी. मराठी फिर्याद आली की इन्स्पेक्टरसाहेब मला हाक मारत, आणि मी अशी ताठ चालत जाई, की सगळं मद्रास माझ्याच भरवशावर झोपतं!

फाल्गुन संपत आला होता. एक बाई आल्या. पुण्याकडच्या, नवऱ्याच्या बदलीमुळे इथे आलेल्या. सर्दीनं बेजार. मद्रासच्या उन्हात गळ्याभोवती लोकरीची शाल गुंडाळलेली.

"अहो, माझी थाळी गेली हो!"

आमच्या तंजावरी घरात जेवायच्या भांड्याला ताट म्हणत. थाळी हा शब्द मला परका. आणि तमिळमध्ये ताली म्हणजे मंगळसूत्र. बाईंचं नाक चोंदलेलं, माझं डोकं चोंदलेलं. मी ऐकलं, ताली गेली. सवाष्णीची ताली! मी पेन सरसावलं.

"कुणी दिलेली?"

"लग्नात आईनं."

"रोज वापरत होता?"

"छे! सणासुदीला काढायची. रोज आपली पितळेची."

माझं पेन थबकलं. "यजमान काही म्हणत नाहीत?"

"ते काय म्हणणार? सणाला त्यांनाही हीच लागते. हट्टच असतो."

पुण्याकडच्या चालीरीती, आपण कोण नावं ठेवणार, असं मनाशी म्हणून मी जबानीत लिहिलं, 'सदर दागिना प्रसंगी पतीही वापरतात.' जबानी तमिळमध्ये होती. बाईंनी विश्वासानं सही केली.

"घरात कोण येतं-जातं?"

"स्वयंपाकाच्या मामी. पण त्यांच्यावर संशय नको हं, सोन्यासारखी बाई आहे."

फिर्यादीनं 'तिथे नको' म्हटलं की नवा पोलीस हमखास तिथेच जातो. मी गेलेच. गल्लीच्या कोपऱ्यावर एक फुलवाली बसे. तिनं न विचारताच खबर दिली, "अक्का, मामी काल सोनाराकडून ताली घेऊन आली. मी डोळ्यांनी पाहिली." मामी विधवा. विधवेला ताली कशाला? मला तर बढतीच दिसायला लागली.

मामींना ठाण्यात आणलं. मी झडती घेतली. कनवटीला पिशवी, पिशवीत नवीकोरी सोन्याची ताली. मुद्देमाल हस्तगत!

"माझ्या मुलीची आहे," मामी म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात लग्न. बांगड्या मोडून केली."

"चोरीचा माल सापडला की सगळ्यांच्या मुली लग्नाच्या होतात," मी म्हटलं. किती हुशार होते मी!

तेवढ्यात नवऱ्या मुलाचा मामा ठाण्याच्या दारात हजर. फुलवालीची खबर आमच्यापुरती थोडीच असते! तो हेड कॉन्स्टेबलना, म्हणजे आमच्या एट्टैयांना म्हणाला, "गुन्हा नोंदवलात की आम्ही संध्याकाळच्या गाडीनं कुंभकोणमला परत. लग्न मोडलं समजा." मामींनी ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

ओळख पटवायला मी फिर्यादी बाईंना बोलावलं. त्या यजमानांसह आल्या. मी टेबलावर ताली ठेवली.

"हे कुणाचं मंगळसूत्र?" बाई म्हणाल्या.

"तुमचं."

"माझं माझ्या गळ्यात आहे!" त्यांनी शाल ओढून काढली. काळे मणी, दोन वाट्या, सगळं जागच्या जागी. तासभर मी त्यांच्यासमोर बसून जबानी लिहिली होती, आणि शालीखाली काय आहे हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

"मग गेलं काय?" इन्स्पेक्टरसाहेबांनी माझ्याकडे बघत विचारलं.

"थाळी हो! चांदीची, एवढी!" बाईंनी दोन्ही हातांनी गोल दाखवला.

एट्टैया उजळले. "तट्टु!" तमिळमध्ये ताटाला तट्टु म्हणतात.

"तट्टू नव्हे हो!" बाई किंचाळल्या. "घोडं कशाला पाळू मी? थाळी! जेवायची!"

ठाण्यातले कैदीसुद्धा हसले. हसले नाहीत ते फक्त बाईंचे यजमान. ते घसा खाकरून म्हणाले, "ती थाळी... मी दिली."

"कुणाला?"

"एक जण आला होता, अन्नदानासाठी भांडी गोळा करत. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मला धर्मराज म्हणाला."

"धर्मराज!" बाईंची सर्दी तिथल्या तिथे उतरली. "अहो, पाडव्याआधी मी दरवर्षी बसून ठरवते, तांदूळ कुणाला, घोंगडी कुणाला. म्हणजे वर्ष सरताना हात सैल सुटत नाही. ती थाळी या मामींच्या मुलीसाठी बाजूला काढून ठेवली होती. मला सांगायचं नाही?"

"या हाताचं दान त्या हाताला कळू नये म्हणतात."

"हाताला नका कळू देऊ. बायकोला कळू द्या!"

इन्स्पेक्टरसाहेबांनी 'सदर दागिना प्रसंगी पतीही वापरतात' हे वाक्य मोठ्यानं वाचलं, मग फिर्याद बाजूला ठेवली. अन्नदानवाल्याचा शोध वेगळा सुरू झाला. तो कधी लागला नाही.

बाई मामींजवळ बसल्या. "मामी, थाळी गेली ती गेली. दुसरं काय देऊ मुलीला?" मी तमिळमध्ये सांगितलं. शब्द दोनदा विचारून घेऊन, बरं का!

मामी माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "वस्तू काही नको. हिला सांगा, बाहेर त्या माणसाशी बोल म्हणावं."

मी बाहेर गेले. माझी टोपी नव्हती, नाहीतर तीही काढली असती. थाळीपासून तट्टूपर्यंत सगळं सांगितलं. मुलाचा मामा जरासुद्धा हसला नाही.

"आत बसून मामी काय करत होती? शिव्याशाप? रडारड?"

"नाही. मला विचारत होती, सकाळपासून काही खाल्लंस का."

"चोर म्हणून धरलंत, तरी?"

"तरी."

"मग अशा घरची सून सोडून आम्ही कुंभकोणमला कशाला जाऊ?" असं म्हणून त्यानं चपला काढल्या आणि व्याह्यांच्या घरी जावं तसा ठाण्यात शिरला.

पुढे नोकरीत मोठे गुन्हे पुष्कळ उकलले, पण शिकले ते त्या दिवशी. फिर्यादीला वस्तूचं नाव विचारू नये, ती हातानं केवढी ते दाखवायला सांगावं. आणि दानाचं म्हणाल, तर वर्ष संपायच्या आत शांतपणे बसून ठरवावं, घरात सांगावं. दारात येऊन रडणारा आपलं घेऊनच जातो. जो रोज घरात येऊन काहीच मागत नाही, त्याला काय हवं ते आधी विचारावं. बहुतेक वेळा ते आपण काढून ठेवलेलं नसतंच.