दारावरचा व्हीप

बायको भाताची पेज गाळायला लागली की त्या वासासरशी मला आरमोरीकडचं ते कौलारू घर आठवतं. विधानसभेत कसं मत द्यायचं हे आमदारांना बजावणाऱ्या पक्षप्रतोदांचा मी कारकून होतो. खाणीच्या विधेयकाला मत द्यायचं नाही म्हणून आमचा एक आमदार गावी जाऊन लपला होता. व्हीप, म्हणजे मतदानाच्या आदेशाचा कागद, त्याच्या हातात द्यायचा, नाहीतर दारावर चिकटवून फोटो काढायचा, असा मला हुकूम होता. त्याची म्हातारी आई म्हणाली, “तो घरी नाई, भाऊ.” तिला वाचता येत नव्हतं आणि मी डिंक विसरलो होतो. “मुंबईहून मुलाला मानाचं बोलावणं आलंय,” मी ठोकून दिलं. ती हरखली. “मंग कागद पडला नाई पायजे! पेजेनं मस्त चिकटते.” तिनं स्वतः पेज फासली आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून कोपरा दाबून उभी राहिली. मी फोटो काढला. मतदानाला तो आलाच नाही. अपात्रतेच्या सुनावणीत म्हणाला, व्हीप मिळालाच नाही. मी फोटो पुढं केला. कोपऱ्यावरची आईची बोटं त्यानं ओळखली आणि म्हणाला, “मिळाला होता.” त्याची आमदारकी गेली. आता बायको पेज गाळते तेव्हा मी अंगणात जाऊन उभा राहतो. त्या फोटोबद्दल मिळालेली बढती मात्र मी तेव्हा घेतली होती.