तिसऱ्या दाबाला थांबणारी जीप

घरातली जी वस्तू नीट चालते तिच्याबद्दल सांगायला काही नसतं. आमच्या मिक्सरचा एक किस्सा नाही, फ्रिजचा नाही. पण अण्णांच्या जीपचा विषय निघाला की उठू लागलेली माणसं परत बसतात आणि चहा दुसऱ्यांदा टाकावा लागतो. त्यातले बरेच किस्से मी हसत हसत सांगत आले. शेवटचे मात्र आजवर घराबाहेर कुणाला सांगितले नव्हते.

कुरुंद्याला आमची हळदीची शेती. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी ही जीप सेकंड हँड घेतली तेव्हा मी चौथीत होते. आता माझी मुलगी चौथीत आहे, यावरून गाडीचं वय काढा. इंजिन अजून ठणठणीत होतं, अडचण फक्त ब्रेकची होती. पहिल्यांदा दाबला की पेडल थेट तळाला जायचं. दुसऱ्या दाबाला अर्ध्यात अडायचं आणि तिसऱ्या दाबाला गाडी थांबायची. अण्णांचा पाय त्याला इतका सरावला होता की सगळा जोर लावून ते तीन दाब एका दमात मारायचे.

कुणी नाव ठेवलं तर म्हणायचे, "पहिला दाब तिला उठवायला, दुसरा सांगायला, तिसरा थांबवायला. माणसाला तरी एकदा सांगून कुठं कळून राहिलंय?"

*

हँडब्रेक तर त्याआधीच गेलेला. त्याचं काम आईकडे होतं. आईजवळ बाभळीचा एक ठोकळा असायचा. गाडी थांबली की ती मागच्या आडव्या बाकावरून उतरायची, ठोकळा चाकाखाली सरकवायची आणि मग पदर नीट करायची.

एकदा हट्ट्याला लग्न होतं. जागा सपाट मिळाली, म्हणून ठोकळ्याची गरज पडली नाही. पण गाडीत ठेवला तर आचारी चुलीत घालतील, या भीतीने आईने तो पिशवीत घालून मांडवात नेला. नवरीच्या मावशीला वाटलं आहेर आहे. तिने पिशवी हातातून घेतली, वजनाने वाकली आणि काय आणलंय एवढं, म्हणून कौतुकाने विचारलं.

आई म्हणाली, "हँडब्रेक हाय. जाताना परत लागंल."

*

वसमत रस्त्यावर रशीदचाचांचं गॅरेज आहे. दर दसऱ्याला अण्णा जीप त्यांच्याकडे न्यायचे, ब्रेक ऑइल वरपर्यंत भरून घ्यायचे आणि झालं ब्रेकचं काम. चाचा दर वर्षी सांगायचे की पेडलचा जोर चाकांपर्यंत पोचवणारा मास्टर सिलेंडर आतून झिजलाय, तो बदला, चाकांतले ब्रेकचे लायनर बदला, नुसतं तेल ओतून काही होत नाही. अण्णांचं उत्तर ठरलेलं, "चालून राहिलंय ना बराबर."

एका दसऱ्याला चाचा चिडलेच. असली गाडी दारात उभी दिसली तर माझं नाव खराब होईल, असं म्हणत ते स्वतः आत बसले आणि जीप बाजूला घ्यायला निघाले. रागाच्या भरात ब्रेक एकदाच दाबला. गाडी गेली ती थेट गॅरेजच्या बोर्डावर. बोर्ड आडवा झाला, चाचांचं नाव मातीत.

अण्णा शांतपणे म्हणाले, "आता बोर्डाचं काम बी तुमीच काढा."

*

माझं लग्न झालं. हे हिंगोलीचे, नोकरदार घरातले. पहिल्या संक्रांतीला कुरुंद्याला आले तेव्हा अण्णांनी मोठ्या मानाने जावयाच्या हातात जीपची किल्ली दिली. मळ्यात चक्कर मारून या म्हणाले. ब्रेकचं कुणीच सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नाही, आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आम्ही तीन दाबांतच वाढलो होतो.

नुकतीच कापणी सुरू झाली होती. मळ्यात हळदीच्या पाल्याचा ढीग होता, त्यात जीप बॉनेटपर्यंत घुसली. हे पाला झटकत बाहेर आले. अण्णा धावत गेले आणि वर यांनाच विचारलं, "तीनदा दाबायचा असतो, ठाऊक न्हाई व्हय तुमाला?"

हे म्हणाले, "दुसऱ्यातच पोचलो, मामा."

हा किस्सा मी शंभरदा सांगितला असेल. त्यातून जे शिकायचं ते मात्र मी शिकले नाही.

*

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलगी लहान होती, सुट्टीत आजोबांच्या जीपमध्ये बसायची आणि मला घोर लागायचा. मी अण्णांशी भांडले, रुसले, काही उपयोग झाला नाही. मग ते एका लग्नासाठी चार दिवस एसटीने हट्ट्याला गेले तेव्हा मी जीप सावकाश चालवत, तीन-तीन दाब मारत, चाचांकडे नेली आणि सगळं नवं घालून घेतलं. मास्टर सिलेंडर, चारही चाकांचे लायनर, पाइप. संध्याकाळी चाचांनी किल्ली दिली.

म्हणाले, "ताई, अण्णाला आधी सांगा. ब्रेक नवा हाय, पाय जुनाच हाय."

मी हो म्हटलं. पण मनात होतं की सांगायचं नाही. त्यांनी ब्रेक दाबावा, चमकावं, माझ्याकडे बघावं आणि मी हसावं. एवढीच माझी हौस होती.

दुसऱ्या दिवशी अण्णा परतले. तिसऱ्या दिवशी बाजार होता. अण्णा स्टिअरिंगवर, मी शेजारी, आई मागच्या बाकावर. मुलीला शेजारच्या घरी ठेवलं होतं, तेवढं एक बरं झालं. गल्लीतून गाडी रस्त्याला लागली आणि मी रस्त्याकडे न बघता अण्णांच्या तोंडाकडे बघत बसले. समोर शेळी आली. अण्णांनी नेहमीसारखा सगळा जोर लावून पहिला दाब मारला.

जीप जागच्या जागी थांबली. शेळी निघून गेली. मागे आई बाकावरून खाली आदळली आणि तिचं मनगट मोडलं.

अण्णांनी उभ्या गाडीतच पेडल पुन्हा एकदा हळूच दाबून पाहिलं. मग किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "माय, माझा पाय चुकला. आता तूच चालव."

*

दवाखान्यात सांगू असं ठरवलं होतं. तिथे आईला प्लास्टर घालत होते आणि अण्णा कोपऱ्यात चप्पल काढून उभे होते. यांना फोन करून सगळं सांगितलं तर हे म्हणाले, बरं झालं, या वयात गाडी सुटायलाच हवी होती, स्वतःहून सोडली तर आता विषय वाढवू नकोस. मला ते सोयीचं वाटलं. खरं तेच सांगते, फार सोयीचं वाटलं.

मग आठवडा गेला, महिना गेला. आईच्या हाताला पूर्वीसारखी भाकरी थापता येईना. ती थापायला बसली की अण्णा उठून अंगणात जायचे. गावात कुणाला बाळंतपणासाठी दवाखान्यात न्यायचं असलं की लोक अजून अण्णांकडेच यायचे. अण्णा सांगायचे, "दुसरं कुणी बघा. माझा पाय चुकतो." इतकी वर्षं ज्या पायावर गावाने भरवसा ठेवला त्याला ते स्वतःच दोष देत राहिले आणि माहेरी आले की मी बाजूला बसून भाजी निवडत ऐकत राहिले. एका वाक्याचं काम होतं. ते माझ्याने झालं नाही, याची मला लाज वाटते.

*

गेल्या महिन्यात आईचा हात दाखवायला आम्ही तिघं वसमतला निघालो. मी चालवत होते. पेडल थोडं मऊ लागत होतं म्हणून चाचांच्या गॅरेजवर गाडी थांबवली. अण्णा चार वर्षांत पहिल्यांदाच तिथे आले होते. दोघांनी एकमेकांचे गुडघे विचारले, चहा झाला.

चाचांनी चाक बघून सांगितलं की ब्रेकच्या पाइपात हवा शिरलीय, ती काढावी लागेल. त्यासाठी एकाने आत बसून चाचा सांगतील तेव्हा पेडल दाबून धरायचं आणि ते खालून नट ढिला करून हवा सोडणार. मी चढायला लागले तर चाचा म्हणाले, "तुमी ऱ्हाऊ द्या ताई. अण्णा, बसा तुमी."

अण्णा म्हणाले, "माझा पाय चुकतो, रशीदभाई."

"उभ्या गाडीत काहून चुकंल? बसा."

अण्णा बसले. चाचा गाडीखाली सरकले. अण्णांनी पहिल्यांदा हळूच दाबलं, पेडल अर्ध्यावर अडलं. मी दाराशी उभी होते, आई पलीकडे बाकड्यावर.

खालून चाचांचा आवाज आला, "माल चांगला लागला बगा अण्णा. चार वर्सं झाली. तुमी हट्ट्याला लग्नाला गेलता, तवा ताईनं समदं नवं घालून घेतलं. मी म्हनलं होतं, आधी अण्णाला सांगा. सांगितलं असंलच की."

मी दाराची कडी धरली. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिले.

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "दाबू का आता?"