डिक्कीतल्या टायरची साक्ष

गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला, त्या सालची गोष्ट. पांढरकवड्याच्या हायवेवर देवराव ठमके टायर बदलायचा. तोंडाचा तिखट, पण चोर नव्हे. म्हणून बियाण्यांचे दुकानदार चंद्रशेखर चारचौघांत बोलले, तेव्हा त्याचं पित्त खवळलं.

"माझी नवी गाडी, वर्षात टायर गुळगुळीत. पंक्चरला आणली तेव्हा कंपनीचे टायर काढून जुने तूच बसवलेस."

शेजारच्या चहाटपरीवरचे शेतकरी चहा घेऊनच जवळ सरकले. असला तमाशा कोण सोडतो? देवरावनं शेटजींच्या गाडीच्या डिक्कीतली कंपनीचीच, कधी न वापरलेली कोरी स्टेपनी काढली. कापसाच्या पऱ्हाटीची काडी तिच्या खाचेत घालून नखानं खूण केली. मग तीच काडी आपल्या दुकानातल्या नव्या टायरच्या खाचेत घातली. खूण पार आत गेली.

"शेटजी, कंपनीनंच रबर कमी देल्लं. हलका टायर म्हणजे कागदावर अ‍ॅव्हरेज जास्त, शोरूमच्या ट्रायलच्या चकरीत गाडी मऊ. मंग झिजला त कंपनीले काय? नवा तुम्हीच घेता."

"एवढी मोठी कंपनी फसवेल कशाला?"

"तुमच्या बियाण्याच्या पाकिटावर बोंड केवढं असते? अन् वावरात केवढं लागते?"

सगळे चंद्रशेखरांकडंच बघत राहिले. शेटजी टायर न घेताच निघाले. देवरावला पुन्हा कोणी चोर म्हटलं नाही. शेटजींच्या दुकानात मात्र लोक पाकीट उलटंपालटं करून बघू लागले म्हणतात.