मुठीच्या आतलं लोखंड

कॉलेजच्या पहिल्या वर्षाची दिवाळीची सुट्टी मी अबुधाबीत काढली. बाबा तिथे एका अरब घरी ड्रायव्हर होते आणि आई त्याच घरच्या स्वयंपाकघरात. माझा व्हिजिट व्हिसा घरच्या म्हाताऱ्या मालकांनी काढून दिला होता. त्यांना सगळे अरबाब म्हणत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, म्हणून बाबा मला औषधाच्या बाटलीपासून वॉशिंग मशीनच्या बटणांपर्यंत सगळं इंग्रजी वाचायला लावत. त्यातलं अर्धं मला कळत नसे. तसं सांगायचा धीर होत नसे.

अरबाब दर हिवाळ्यात आपले ससाणे घेऊन परदेशी शिकारीला जात आणि बाबांना सोबत नेत. ससाण्याने धरलेलं जनावर अरबाब स्वतः हलाल करत. पुढचं सोलणं, साफ करणं बाबांकडे. गेल्या खेपेला ससा सोलताना बाबांच्या जुन्या सुऱ्याची मूठ सैल होऊन हातातच फिरली आणि पातं बोटात शिरलं. ते बोट अजूनही पुरतं मिटत नव्हतं.

"नवा सुरा आणल्याशिवाय जायचं नाही," आईने बजावलं होतं. "दुसरं बोट गेलं तर स्टिअरिंग काय दातांनी धरणार?"

अरबाबांकडे मागितला असता तर मिळाला असता. पण हत्यार स्वतःच्या पैशाचं असावं, असं बाबांचं म्हणणं. पन्नास दिरहम, म्हणजे साधारण साडेपाचशे रुपये, त्याच्या वर जायचं नव्हतं. शुक्रवारी निघायचं होतं. बुधवारी संध्याकाळी ते मला म्हणाले, "चल. तू वाचून सांग, कुठला चांगला."

बाजारातलं दुकान एका पठाणाचं होतं. बाबांनी आधीच सांगितलं, मिटणारा चाकू नको, त्याच्या सांध्यात वाळू आणि रक्त बसतं. पठाणाने दोन सुरे काढले. एकाला साधी लाकडी मूठ, पातं मळकट. दुसरा चकचकीत, पात्याच्या पाठीला करवतीसारखे दात, मुठीच्या टोकाला झाकण आणि झाकणात होकायंत्र. तो त्याने बाबांपुढे धरला.

"नीचे रखो, भाई," बाबा म्हणाले. धारेची वस्तू ते हातातून हातात घेत नसत.

"क्यों चाचा, हमसे झगडा हो जाएगा?" पठाण हसला आणि सुरा काउंटरवर ठेवला.

मी खोक्यावरचं मोठ्याने वाचू लागले. स्टेनलेस. वॉटरप्रूफ. सगळ्या हवामानात उपयोगी. बाबा मान हलवत ऐकत होते. मध्येच पठाणाला म्हणाले, "बेटी कॉलेज में है." मग त्यांनी सुरा उचलला, पातं आणि मूठ जिथे जुळतात तिथे अंगठा दाबला आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मला वाटलं, धार बघतायत.

"हाच घेऊ ना?" मी म्हटलं.

"तू म्हणतेस तर हाच."

पंचेचाळीस दिरहम.

घरी आल्यावर आईला होकायंत्र दाखवायला मी झाकण फिरवलं. आत आगकाड्या आणि गळाची दोरी होती. ते सगळं बाहेर काढलं आणि मुठीत डोकावून पाहिलं. मूठ नळीसारखी पोकळ होती. पात्याचं लोखंड बोटाच्या एका पेराएवढंच आत आलेलं, आणि त्याला एक नट. हाही सुरा फिरणार होता.

"बाबा, तुम्हाला कळलं होतं?"

ते बूट काढत होते. "थोडं हलल्यासारखं वाटलं. पण खोक्यावर एवढं लिहिलंय, तू वाचलंस. म्हटलं आता असे बनवत असतील."

"हातातून हातात घेतलात का?" आईने विचारलं. तिच्या मते दोष तिथेच असणार.

मला त्या खोक्याची लाज वाटली. खरं म्हणजे खोक्याची नाही. लहानपणापासून कोयता चालवलेल्या माणसाने माझ्या वाचनापुढे स्वतःच्या अंगठ्यावर विश्वास ठेवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी अरबाबांची गाडी धुऊन झाल्यावर आम्ही परत गेलो. बोलायचं मी, असं मीच ठरवलं होतं. "भाईसाब, गलती मेरी है. मैंने सिर्फ लिखा हुआ पढा."

"कॉलेज खलास?" पठाण म्हणाला, पण सुरा परत घेतला.

मग मी बाबांना म्हटलं, "मला दाखवा ना, कसं बघायचं."

ते आधी लाजले. मग त्यांनी लाकडी मुठीचा सुरा आडवा धरला. मुठीच्या दोन्ही कडांना लोखंडाची पट्टी थेट शेवटपर्यंत दिसत होती. "हे अख्खं एक लोखंड आहे. लाकूड फक्त वरून, तीन खिळ्यांनी. लाकूड फुटलं तरी कापड गुंडाळून काम होतं." पातं त्यांच्या तळहाताएवढंच. ससा सोलायला याहून लांब नको, म्हणाले. मुठीपुढे बोट अडेल असा उंचवटा. "याला गंज चढेल. तेल लावलं की झालं. आणि हे ऐक." त्यांनी पातं धरून मुठीने काउंटरवर ठोकलं. टक्, टक्. मग चकचकीत सुरा ठोकला. तो आतून खुळखुळला.

"चाचा, मेरा धंदा बंद करोगे," पठाण कुरकुरला. लाकडी सुरा पस्तीसचा होता. उरलेल्या दहांत त्याने धार लावायचा दगड दिला.

शुक्रवारी बाबा गेले. त्यानंतर दोन दिवसांनी माझं विमान होतं.

बाबांना लिहिण्याचा कंटाळा, म्हणून ते कॅसेटवर बोलून पाठवत. जानेवारीत गावच्या एका माणसाबरोबर अशी एक कॅसेट होस्टेलवर आली. मैत्रिणीचा टेपरेकॉर्डर मागून मी लावली. अरबाबांचा एक ससाणा आजारी पडला, थंडी फार होती, आई बरी आहे, अभ्यास कर, असं सगळं झालं. मग, "बोटं दहाच्या दहा आहेत. हे ऐक."

टक्, टक्.

"काय गं हे?" मैत्रिणीने विचारलं.

मी तिला थांब म्हटलं आणि टेप थोडी मागे घेतली.