हवा जास्त लागलेलं डांबर

घरात मीच पहिला शिकणारा, लिहिण्याचा सराव नाही, चूकभूल माफ असावी. पण रस्त्यावर डांबराचा वास आला की मामा आठवतात. उरवड्याच्या कारखान्यात ते खनिज तेलाच्या दाट गाळात गरम हवा सोडून कडक डांबर करायचे. अधिक कडक माल पाहून साहेब नोकरीत कायम करतील, या आशेने त्यांनी एकदा हवा जास्त वेळ सोडली आणि सगळा माल काचेसारखा ठिसूळ झाला. त्याच दिवशी मी कारखान्यात भेटायला गेलो तर म्हणाले, "कारं कालेजवाल्या, तेल वतलं तर मऊ व्हईल न्हवं?" मी चाचरत म्हणालो, "मामा, हवेनं आतले रेणू एकमेकांत जुळलेत, ते आता सुटायचे न्हाईत." "लई शाना हायेस," म्हणत ते अंधार पडेपर्यंत तेल ओतून ढवळत राहिले. वसतिगृहावर मला फार उशिरा कळलं, की मामांना दुसऱ्याच दिवशी काढलं होतं, आणि मामीला न सांगता ते अजून रोज डबा घेऊन घराबाहेर पडत होते.