तांब्याच्या हंड्यातलं पाणी

सकाळी पाहिलं तर काचेच्या टाकीत नऊ कोळंब्या मरून आडव्या पडल्या होत्या. बाकीच्यांचा लाल रंग उडून त्या पेजेसारख्या पांढुरक्या झाल्या होत्या. या खायच्या कोळंब्या नव्हेत. नखाएवढ्या, गोड्या पाण्यातल्या, माझ्या सुनेने हौसेने पाळलेल्या. माहेरी जाताना ती सांगून गेली होती की टाकीतलं पाणी कमी झालं तर नळाचं ताजं घालू नका, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं घाला. मी तेच केलं होतं.

मी तिला फोन लावला.

"आई, पाणी कशात भरून ठेवलं होतं?"

"तांब्याच्या हंड्यात. आपण पितो, पाहुण्यांना देतो तेच."

"त्यांना तांबं विषासारखं असतं. निम्मं पाणी काढा आणि मोरीतल्या प्लास्टिकच्या पिंपातलं कालचं घाला. हळूहळू."

"मोरीतलं? आधी सांगायचंस."

"तुम्ही त्यांना पाहुण्यांचं पाणी पाजाल, हे मला काय माहीत?"

प्लास्टिकच्या मगाने पाणी ओतत मी तासभर टाकीपाशी बसले. घरातलं चांगलं पाणी दिलं आणि त्यानेच त्या मेल्या. माणसांनाही मी चांगलं म्हणून बरंच काही आग्रहाने वाढलं आहे. त्यांना सोसतं का, हे विचारलं नाही. माणसाचा रंग असा उडत नाही, त्यामुळे कळतही नाही.

लाली परत यायला आठवडा लागला. तोवर आणखी पाच गेल्या; वीसपैकी सहा कोळंब्या जगल्या. त्यातली एक पोटाशी अंडी धरून आहे.