शेततळ्यात उतरलेला हंस

तासगावजवळच्या आमच्या द्राक्षबागेला लागून एक शेततळं आहे. प्लास्टिकचा कागद अंथरलेलं, नुसत्या पाण्याचं. त्यात मासे सोडायचे नाहीत, हा माझ्या सासऱ्यांचा दंडक. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. आम्ही जैन, पण अण्णांचं जैनपण जरा जास्तच कडक. घड पिकले की आसपासचे सगळे बागाईतदार डबे बडवून पाखरं हाकलतात. अण्णांनी उभ्या जन्मात डबा हातात धरला नव्हता. "खाऊन खाऊन किती खातील?" म्हणायचे. माझ्या नवऱ्याचं तोंड तेव्हा बघण्यासारखं व्हायचं.

एका हिवाळ्यात सकाळी ते बांधावरून ओरडतच आले. "राजहंस हाय गं! आपल्या तळ्यात हंस उतरलाय!"

मी सांगलीची. नदीकाठचे पक्षी बघण्याचा नाद लग्नाआधीपासूनचा. माहेरून दागिन्यांआधी दुर्बीण आणली, असं सासरी अजून चिडवतात. दुर्बीण लावली. हातभर चोच आणि खाली लोंबणारी कातडी झोळी, म्हणजे पेलिकन हे उघड होतं. कुठला पेलिकन, यावर मी अडले. पांढरा म्हणावा तर झोळी पिवळी हवी. ही मळकट गुलाबी होती. अंग राखी, मानेवर विस्कटलेल्या पिसांची शेंडी, आणि वरच्या चोचीच्या कडेने निळसर ठिपके. ठिपकेवाला पेलिकन. मला फार आनंद झाला, आणि तो आनंद निव्वळ माझ्यापुरता होता.

तोवर अण्णांनी बांधावर वाटीभर जोंधळे आणि मूठभर बेदाणे टाकले होते. पक्ष्याने ढुंकून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशीही तो तिथेच, मान खांद्यात रुतवून. माणूस जवळ गेलं तरी उडेना.

"आवं अण्णा, हंस न्हाई हा," मी सांगितलं. "हा फक्त मासे खातो."

"दुसरं कायच न्हाई?"

"काहीच नाही."

"दुधात भाकरी कुस्करली तर?"

मला हसू आलं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून ते गिळावं लागलं.

मी वनखात्याला फोन केला. त्यांचा माणूस जिवंत माशांची बादली घेऊनच आला. पक्षी दमलाय, उपाशी आहे, आत्ता हलवला तर वाटेत मरेल, असं त्याचं म्हणणं. मासे तळ्यात सोडायचे, अंगात ताकद आली की आपला आपण जाईल. एवढं सांगून तो अण्णांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. तळं त्यांचं होतं.

मी बादलीला हात घातला, तसे अण्णा म्हणाले, "तू नको. पाप कशाला वाटून घ्यायचं?" आणि त्यांनी स्वतः बादली पाण्यात ओतली.

टीव्हीवर समुद्रकाठचा पेलिकन उंचावरून पाण्यात सूर मारताना दिसतो. हा तसला धसमुसळा नव्हे. हळूच पोहत आला, चोच बुडवली, झोळी भरून घेतली. मग चोच छातीशी दाबून पाणी गाळलं आणि मान वर करून मासा गिळला. अण्णा ओठांतल्या ओठांत णमोकार म्हणत सगळं बघत होते. मी माझ्या पक्ष्यासाठी खूश होते. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी उपवास केला.

काही दिवसांनी पक्षी पाण्यावर पाय आपटत धावला आणि उडून गेला. त्याच्या तावडीतून सुटलेले मासे मागे राहिले, वाढले. त्यांना कुठे न्यायचं, हे अण्णांना कुणी सांगू शकलं नाही. मग ते रोज सकाळी जोंधळे घेऊन तळ्यावर जायला लागले. हंसाने न खाल्लेले जोंधळे मासे मात्र खातात. अण्णांची चाहूल लागली की कडेला गोळा होतात.

गेल्या हिवाळ्यात तळ्यावर पुन्हा पेलिकन घिरट्या घालताना दिसला. ठिपके दिसले म्हणून मी घरातून हाक मारली, "अण्णा, तुमचा हंस आला!"

मी दुर्बीण खाली केली. अण्णा बांधावर उभे होते, मान वर करून, आणि जीव खाऊन डबा बडवत होते.